टीव्ही काळा झाला, मी चालूच होतो

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही गेम आहे. करड्या रंगाचा, एका कोपऱ्याला चीर गेलेला. माझ्या पाठीवर बारीक फटी आहेत, आतली उष्णता बाहेर जायला ठेवलेल्या. त्या फटी लक्षात असू द्या.

मला खोपोलीच्या बाजारातून वाल्मिकरावांनी आणलं. ते साजगावच्या एका कारखान्यात कामाला होते. त्यांचा मुलगा प्रवीण तेव्हा प्राथमिक शाळेत होता. घरात पेटीसारखा मोठा टीव्ही होता. त्याला पिवळी आणि पांढरी पिन लावली की मी जागा व्हायचो. कॅसेट अडली तर प्रवीण ती काढून तिच्यात फुंकर मारायचा. आळीतली मुलं दारात चपलांचा ढीग करून माझ्यासमोर बसायची. त्या दिवसांतच माझं बटण चालूवर अडकलं ते पुन्हा हललंच नाही. पण कुणाचं काही अडलं नाही. खेळ संपला की प्रवीणची आई, सुंदरा, भिंतीवरचं बटण दाबायची. "लाईट फुकट जळते रं," म्हणायची.

मग भिंतीवर चपटा टीव्ही आला. त्याला माझ्या पिनांची भोकंच नव्हती. मला पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं. वाल्मिकराव गेले. माझा अडॅप्टरही कुठे गेला कोण जाणे.

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी प्रवीणने मला खाली काढलं. आता त्याला स्वतःची मुलगी आहे, चार वर्षांची रिया. तिला दाखवायला म्हणून त्याने एक कन्व्हर्टर आणला होता. काडेपेटीएवढी डबी, एका बाजूला माझ्या पिना, दुसऱ्या बाजूला नव्या टीव्हीची केबल. मला वीज द्यायला त्याने वायफायच्या बंद पडलेल्या डब्याचा अडॅप्टर शोधून काढला.

"हा ह्याचाच आहे का?" त्याच्या बायकोने, समीक्षाने विचारलं.

"पिन बसली ना? मग झालं."

माझ्या पोटावर नऊ व्होल्ट लिहिलं आहे. त्या अडॅप्टरवर बारा होतं. अक्षरं बारीक होती, सणाची घाई होती.

चित्र आलं! पण रुंद पडद्यावर माझा चिमुकला माणूस आडवा ताणला गेला, आणि बटण दाबलं तरी उडी मारायला उशीर करू लागला.

"काका, तुमचा माणूस मोदक खाऊन आलाय वाटतं," पुतण्या ऋतिक म्हणाला.

"तुझ्यापेक्षा बरा पळतो. गप बस."

सगळे हसले. रिया टाळ्या पिटत होती. इतक्या वर्षांनी मलाही बरं वाटलं. पोटात काहीतरी जास्तच गरम होतंय, हे तेव्हाच जाणवलं होतं.

टीव्हीखालीच पुठ्ठ्याचं मखर होतं, त्यामागे हिरव्या सुती साडीचा पडदा. पाहुण्यांना वायरींचा गुंता दिसू नये म्हणून सुंदराने मला पडद्याआड सरकवलं आणि साडीचा उरलेला पदर घडी घालून माझ्यावर टाकला. माझ्या फटी झाकल्या गेल्या.

स्थापनेच्या सकाळी मुलं पुन्हा खेळली. आरतीची वेळ झाली तसा प्रवीणने रिमोटने टीव्ही बंद केला. त्याचा पडदा काळा झाला, सगळ्यांना वाटलं मीही झोपलो. मित्रांनो, त्या रिमोटची माझ्यापर्यंत पोच नाही. मी चालूच होतो. मखरातल्या दिव्यांच्या माळाही माझ्याच बोर्डावर होत्या, आणि बाप्पा असेपर्यंत या घरात मखराचा उजेड मालवत नाहीत. तो बोर्ड आता कुणीही बंद करणार नव्हतं.

दुपारी जेवणं झाली, घर सुस्तावलं. रियाला माळांच्या उजेडात झोपायचं होतं. तिने मखराच्या कडेला गोधडी ओढली. तिची पावलं पडद्याला टेकली. मी तापत होतो.

समीक्षा पाटाखालचं उष्टं पुसता पुसता थांबली. "आई, कसला तरी वास येतोय."

"धूप हाय गं तो."

"धूप तर केव्हाच विझला."

"मग अगरबत्ती आसंल. तुला आपली सारखी धास्ती."

समीक्षा स्वयंपाकघराकडे वळली. मला ओरडायचं होतं. पण माझा आवाज टीव्हीतूनच निघतो, आणि टीव्ही बंद होता. माझ्यावरचा पदर हळूहळू रंग बदलू लागला.

दारात ती पुन्हा थांबली. परत आली, रियाच्या पायांशी बसली, पडद्यावर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. दुसऱ्याच क्षणी तिने रियाला गोधडीसकट ओढलं आणि बोर्डाचं बटण दाबलं. मखर अंधारलं.

"अगं, बाप्पा हाय घरात! काय केलंस ह्ये?"

समीक्षाने पदर उचलून सासूपुढे धरला. मधोमध तळहाताएवढा तपकिरी डाग होता. सुंदराने बोट लावलं तसा तिथला कपडा भुरभुरून खाली पडला. तिने झोपलेल्या रियाकडे पाहिलं. मग समई उचलून पडद्यापासून लांब ठेवली. "येवढा उजेड पुरं हाय देवाला," ती हळूच म्हणाली.

आता मी पुन्हा माळ्यावर आहे, एका बाजूने वितळून वाकलेला. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना नव्या टीव्हीला जोडाल तेव्हा आमच्या पोटावरची अक्षरं वाचा. आम्हाला झाकू नका. आणि टीव्हीचा पडदा काळा झाला की भिंतीपाशी जाऊन बटण बंद करा.

तो अडॅप्टर समीक्षाने कचऱ्यात टाकला होता. प्रवीणने तो काढून पुसला. "चांगला आहे गं, कधीतरी लागेल." आता तो खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याची पिन पुष्कळ वस्तूंना बसते.

काल रियाच्या वाढदिवसाला कुणीतरी तिला छोटा पियानो दिला. त्याला आतापर्यंत अडॅप्टर मिळालेला नाही. आणि खाली कुणीतरी ड्रॉवर उघडतंय.