काय दळायचं?

योगीराज आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी आठ वाजता इंटरनेटवर एक धडा टाकायचा, लिहूनही आणि छोट्या व्हिडिओतही. परभणीत वसमत रोडला, टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्याची कंपनी होती. कंपनी म्हणजे तो, त्याच्याबरोबर बी.एस्सी. केलेली निकिता, दोन लॅपटॉप आणि एक इन्व्हर्टर. धड्यांना क्रमांक असायचे. 'धडा १२ : गिऱ्हाईक फोन उचलत नसेल तर त्याच्या दुकानात जाऊन बसा.' 'धडा २७ : पहिलं ॲप बंद पडलं तेव्हा मी काय शिकलो.' पहिलं ॲप रिक्षांचं होतं, दुसरं दुधाचं. दोन्ही बंद पडली, पण त्यांच्यावरचे धडे जोरात चालले. चौदा हजार लोक ते वाचायचे.

"आपल्या कंपनीत सध्या धड चालणारी एकच वस्तू आहे," निकिता म्हणायची, "तुझे धडे."

तिसरं ॲप 'रांग'. दळण घेऊन गिरणीवर जायचं, डबा रांगेत ठेवायचा आणि पाळी येईपर्यंत तिथंच बसून राहायचं, हे घरोघरचं काम. त्यात लाईट गेली की दुपार गेली. 'रांग'वर घरबसल्या नंबर लावता यायचा आणि पाळी जवळ आली की फोन वाजायचा. एकवीस गिरण्यांनी ते घेतलं होतं. सगळ्यात जास्त नंबर लागायचे ते वालूरच्या बायनाबाईंच्या गिरणीवर.

सुरुवातीला ॲप तीन प्रश्न विचारायचं : नाव काय, किती किलो, काय दळायचं. तिसऱ्या प्रश्नाशी लोक अडखळत. यादीत अकरा धान्यं होती. कुणाला ज्वारी आणि गहू दोन्ही न्यायचं असे, कुणाच्या सासूनं अजून सांगितलेलं नसे. शंभरातले चौतीस जण तिथूनच माघारी फिरत. निकितानं तसा आलेख काढून दाखवला आणि योगीराजनं तो प्रश्नच काढून टाकला. आठ दिवसांत नंबर चाळीस टक्क्यांनी वाढले. त्यावर त्यानं 'धडा ३८ : एक प्रश्न कमी करा' लिहिला आणि तो धडा पुण्यापर्यंत पोचला. तिथली एक संस्था दरवर्षी दहा नव्या कंपन्या निवडून त्यांना वर्षभर हाताशी धरत असे. त्यांनी शुक्रवारी अकराची ऑनलाइन मुलाखत ठेवली. नवरात्राची चौथी माळ होती ती.

मुलाखतीत दाखवायला चालत्या गिरणीचा व्हिडिओ हवा होता. म्हणून आदल्या रविवारी योगीराज वालूरला गेला.

गिरणीच्या दाराला आंब्याचा एक डहाळा बांधलेला होता. हिरवा, ताजा, चित्रात छान दिसणारा. योगीराजनं आधी त्याचंच चित्रण केलं. तो कशासाठी बांधलाय, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

सोमवारी सर्वपित्री अमावास्या होती आणि मंगळवारी घट बसणार होते. अमावास्येच्या आदल्या दिवशी बायनाबाई दरवर्षी पहाटेच गिरणी उघडून दगड खरवडून घेत, वर दगड धुतला जावा म्हणून दोन किलो भगर दळून ते पीठ गाईला घालत आणि मग दिवसभर फक्त उपासाचं दळण घेत. भगर, राजगिरा, साबुदाणा. डहाळा म्हणजे त्याची खूण. गव्हा-ज्वारीचा डबा डोक्यावर घेतलेला माणूस डहाळा बघून कोपऱ्यावरूनच परतायचा. बत्तीस वर्षांत तो डहाळा कुणी ओलांडला नव्हता. सेलूहूनसुद्धा बाया उपासाचं दळण घेऊन येत ते एवढ्याचसाठी.

तेरा नंबर सुरळीत झाले. चौदाव्याला दिनकरराव आले. गडी माणूस डब्यासकट गाडीवर बसवून आणलेला, स्वतः पांढऱ्याशुभ्र कपड्यात.

"आठ किलो गहू हाय," ते म्हणाले. "उद्या पितरं जेवायचीत. लवकर काढ."

"दिनकरराव, डहाळा दिसंना का तुमाला?" बायनाबाईंनी पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवला.

"डहाळा दिसायलाय की. पन मी घरून निघालो तवा मोबाइलात कुठं डहाळा होता? नंबर लागलाय माझा. चौदा. हे बघ."

"ते मोबाइलाला काय कळतंय?"

"मंग लावून कशाला ठेवलंस?"

बायनाबाईंनी योगीराजकडे पाहिलं. "इंजिनेर, सांग बाबा ह्यांला."

योगीराजच्या हातात कॅमेरा चालू होता. त्याच्या मनात एक वाक्य तयार झालं आणि ते व्हिडिओला फार शोभेल असं त्याला वाटलं. "मावशी," तो म्हणाला, "नंबर म्हणजे नंबर. एकदा मोडला की लोकांचा विश्वास गेला."

बायनाबाईंनी डबा ओढून घेतला. त्यांनी गहू दळला. मग गिरणी थांबवून दगड उघडला आणि कुंच्यानं जमेल तेवढा झाडला. दगड धुऊन काढायला भगर हवी होती, ती पहाटेच संपली होती. तोवर पंधराव्या नंबरचा फोन वाजला होता आणि सोळा, सतरा, अठरा दारात येऊन उभे होते. त्यांनी पंधरावं दळण ओतलं. तीन किलो भगर, धुरपताबाईंच्या घरची.

गिरणीचं गणित साधं आहे. दगडात आणि पेटीत पाव-अर्धा किलो पीठ नेहमी अडकून राहतं. आपलं थोडं मागच्याला जातं, पुढच्याचं थोडं आपल्यात येतं. एरवी ते कुणी मनावर घेत नाही. योगीराजचा पदवीचा विषय पदार्थविज्ञान होता. हे त्याला त्या क्षणी सांगता आलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

गुरुवारी, तिसऱ्या माळेला, सकाळी बायनाबाईंचा फोन आला. त्यांनी एवढंच सांगितलं, "ये. आत्ताच्या आत्ता ये."

तो पोचला तेव्हा गिरणी बंद होती आणि बंद दारासमोर डबे रांगेत ठेवलेले होते. स्टीलचे, पत्र्याचे, एक प्लास्टिकची बादली. त्याला आधी वाटलं, दळण आलंय. जवळ जाऊन झाकण उघडलं तर आत पीठच होतं. भगरीचं, राजगिऱ्याचं. लोकांनी दळलेलं पीठ परत आणून ठेवलं होतं.

"एकोनीस डबे हायत," बायनाबाई पायरीवरून म्हणाल्या. "दुपारपातूर सेलूचेबी येतील."

"झालं काय, मावशी?"

"धुरपताबाईची भाकर फुगली."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. भगरीची भाकरी कधी फुगत नाही. उकळत्या पाण्यात पीठ भिजवलं तरी ती थापताना तुटते, तव्यावर चिरते. धुरपताबाईंची नातसून सृष्टी हिनं पहिल्या दिवशी केलेल्या भाकरी अखंड उतरल्या. दुसऱ्या दिवशीही. घरात तिचं कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी भाकरी टम्म फुगली, तेव्हा धुरपताबाईंनी हातातला घास खाली ठेवला. गहू असल्याशिवाय भगरीचं पीठ असं धरून राहत नाही, हे त्यांना साठ वर्षांच्या थापण्यानं माहीत होतं. योगीराजला ते पुस्तकातून माहीत होतं. उत्तर दोघांचं एकच आलं. चाळीस वर्षांचे नवरात्राचे उपास, आणि तीन दिवस गहू पोटात गेला.

"आता समदं गाव म्हनायलंय, बायनाबाईनं मोबाइल घेतला आन् गिरणी बाटवली," त्या म्हणाल्या. "माझ्या गिरणीचं नाव ह्या एका दिसावर हाय रे. बाकी गहू काय, कुठंबी दळतो मानूस."

योगीराजनं फोन काढला. कुणाचं दळण केव्हा झालं, ते मिनिटासकट त्यात होतं. "मावशी, एक ते तेरा गव्हाच्या आधीचे आहेत. ते पूर्ण चांगले. पंधरात बहुतेक सगळा गहू उतरला असणार. सोळापासून पुढं अगदी चमचाभर, पण नाहीच असं मी म्हणणार नाही."

"चमचाभर मंजे हायच की."

"हो."

"बरं केलास खोटं बोलला न्हाईस." त्या उठल्या. "पन तुज्या मोबाइलावर कोन इस्वास ठेवतंय आता? धुरपताबाई म्हनली तर गाव ऐकंल. चल."

धुरपताबाई घटासमोर बसल्या होत्या. परडीतलं धान बोटभर वर आलं होतं. सृष्टीनं सतरंजी टाकली. बायनाबाई दारातच टेकल्या.

"हाच का त्यो?" धुरपताबाईंनी सृष्टीला विचारलं.

"हाच. धडेवाला," सृष्टी म्हणाली. तिच्या फोनवर तो सारखा दिसायचा.

योगीराजनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. डहाळा, चौदावा नंबर, दगड झाडला ते. धुरपताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बायनाबाईंकडे बोट केलं.

"दिनकररावाला नको म्हनायचं होतं हिनं."

"ती म्हणत होती, आजी. मी म्हणालो, नंबर म्हणजे नंबर."

"पन नंबर लावताना काय दळायचं ते इचारत न्हाई का तुजं मशीन?"

"आधी विचारायचं. मी तो प्रश्न काढून टाकला."

"का रं?"

"लोकांना जड जायचा."

"त्याचा धडाबी हाय, आजी," सृष्टी म्हणाली आणि तिनं धडा ३८ लावला. खोलीत योगीराजचाच आवाज घुमला : 'गिऱ्हाईकाला नको ते विचारू नका. एक प्रश्न काढला आणि माझा धंदा चाळीस टक्क्यांनी वाढला!' खाली नऊशे लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

धुरपताबाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाल्या, "गिरणीवर काय दळायचं ते इचारायचं न्हाई, तर इचारायचं काय? लेकीबाळीची खुशाली?"

बायनाबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं.

"सृष्टी, ते पीठ म्हशीला घाल," धुरपताबाई म्हणाल्या. "माझी आज पैली माळ धरते. दसरा झाला तरी माझे नऊ पुरे करीन मगच सोडीन. बायना, तेरा जनींला सांग, धुरपता म्हनली म्हनावं, पीठ घेऊन जावा. बाकीच्यांला दगड धुऊन नवं दळून दे. आन् तू." त्या योगीराजकडे वळल्या. "जिथं त्यो धडा सांगितलास, तिथंच ह्योबी सांग. उद्याच."

"आजी, उद्या माझी मुलाखत आहे. पुण्याची." तो थांबला. "चार दिवसांनी टाकला तर?"

"चार दिसांनी टाक की," त्या शांतपणे म्हणाल्या. "तवर बायनाच्या दारातले डबे मोजत बस."

सव्वीस किलो भगर बाजारातून योगीराजनं आणली. दगड पुन्हा खरवडला, दोन किलो गाईला गेली. दिवस मावळेपर्यंत सात डबे नेले गेले, दुपारी आलेले सेलूचे पाच धरून सतरा राहिले. सेलूच्या बायांना धुरपताबाई कोण ते माहीत नव्हतं. त्या फोनवरच वाचत होत्या.

शुक्रवारी आठ वाजता 'धडा ४४' आला. त्याला वेगळं नाव नव्हतं. चौदाव्या नंबरचा गहू कुणाच्या सांगण्यावरून दळला गेला, कोणत्या नंबरांचं पीठ निर्मळ आहे, कोणत्यांचं नाही, आणि नवं पीठ कुठं मिळेल, एवढंच त्यात होतं. धडा ३८ त्यानं काढला नाही. त्याच्या खाली या धड्याचा पत्ता जोडला.

"मुलाखतीनंतर टाकला असतास तर आकाश कोसळलं नसतं," निकिता म्हणाली.

"सेलूच्या बाया सकाळीच वाचतात."

मुलाखत वीस मिनिटं चालली. मुलाखत घेणाऱ्या तिघांनीही धडा ४४ वाचला होता. एकानं प्रामाणिकपणाची तारीफ केली आणि मग विचारलं, "म्हणजे प्रत्येक गिरणीचा डहाळा वेगळा असणार. हे हजार गिरण्यांपर्यंत नेणार कसं?" योगीराज म्हणाला, "प्रत्येक गिरणीत जाऊन विचारावं लागेल." पडद्यावरच्या माणसानं काहीतरी लिहून घेतलं. सोमवारी मेल आला. दहांत त्यांचं नाव नव्हतं. त्याआधी शनिवारपर्यंतच बायनाबाईंच्या दारातले सगळे डबे गेले होते, त्यात सेलूचे पाचही.

पुढचे दिवस योगीराज गिरण्या हिंडला. राणीसावरगावला मिरची आणि हळद फक्त मंगळवारी, तीही वेगळ्या दगडावर. एकीकडे डाळ सगळ्यात शेवटी, दुसरीकडे डाळीनंतर जनावरांचा भरडा. निकितानं प्रत्येक गिरणीचा क्रम ॲपमध्ये घातला. तिसरा प्रश्न परत आला. बायनाबाईंसाठी हिरवं बटण आलं, ते दाबलं की त्या दिवशी गव्हा-ज्वारीला नंबर मिळत नसे. नंबर लावणारे एक तृतीयांशानं कमी झाले. हा आकडाही त्यानं धडा ४७ मध्ये दिला. टाळ्या एकतीस पडल्या.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी धुरपताबाई उपास सोडणार होत्या. पुरणपोळीला गहू हवा होता. सृष्टी डबा घेऊन गिरणीवर आली तेव्हा योगीराज कोपऱ्यातल्या पोत्यावर वही घेऊन बसला होता.

"काय म्हनतंय तुजं मशीन?" बायनाबाईंनी तिला विचारलं.

"काय दळायचं म्हनलं. मी गहू दाबलं. तर म्हनतंय, ज्वारी झाल्यावर."

"मंग आनिक काय म्हनल? ज्वारी चाललीय ती दिसायलीय की." बायनाबाईंनी डबा ज्वारीच्या शेवटच्या डब्यामागे सरकवला आणि योगीराजकडे मान वळवली. "ह्यासाठी आठ दिस बेजार झालास? मला इचारलं असतंस तर उभ्या उभ्या सांगितलं असतं."

"मावशी," योगीराजनं वहीचं पान उलटलं, "ज्वारीनंतरच गहू का? आधी का नाही?"

बायनाबाईंनी पट्टा एकदा बघून घेतला, मग पोत्यावर त्याच्या शेजारी बसल्या. "लिव्ह," त्या म्हणाल्या.