ड्रायव्हरसाहेब मागे बसले

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, जाडजूड बांध्याची लेडीज सायकल आहे. माझं वय विचारू नका. पण माझ्या कॅरिअरवर कोण बसलं होतं ते विचारलंत, तर मान ताठ करून सांगेन.

पहिली बारा वर्षं मी एका नर्सबाईंकडे होते. त्या दूर बदलून गेल्या आणि मी दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात भिंतीला टेकले. टायर बसले, साखळी गंजली. "भंगारात द्या हिला," असं गिऱ्हाइकं म्हणायची. काका नुसते हसायचे.

मग एक दिवस शाळेचे गणवेश शिवणाऱ्या मावशी आल्या. वय चौपन्न. त्यांच्या यजमानांनी तीस वर्षं शहराची बस चालवली होती. पुढे डोळ्यांनी दगा दिला, नोकरी सुटली, आणि ते घराबाहेर पडेनासे झाले. मावशींना कामावर जायला दोन बस बदलाव्या लागत. त्यात डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलेलं.

काकांनी मला नवे टायर घातले, साखळी तेलात न्हाऊ घातली आणि मावशींना मैदानावर शिकवायला घेतलं. मावशी तीनदा पडल्या. कोपरं सोलून निघाली.

"या वयात हे कसलं खूळ?" शेजारीण म्हणाली.

"वय झालं म्हणूनच. आता नाही तर कधी?" मावशी म्हणाल्या.

पंधराव्या दिवशी काकांनी सीटवरचा हात हळूच काढून घेतला. मावशींना पत्ताच नव्हता. मला मात्र कळलं, आणि मी जीव लावून तोल सांभाळला.

तासाभराची वाट आम्ही पंचवीस मिनिटांत कापू लागलो. गाड्या चौकात खोळंबलेल्या असताना आम्ही कडेकडेने पुढे. सहा महिन्यांनी साखर आटोक्यात आली. डॉक्टरांनी विचारलं, "औषध बदललंत का?"

"औषध तेच आहे. वाहन बदललं," मावशी म्हणाल्या.

यजमान मात्र खिडकीशीच बसून असत. अशात त्यांच्या जुन्या कंडक्टरच्या निवृत्तीचं बोलावणं आलं.

"मी नाही येणार. बायकोचा हात धरून डेपोत जाऊ?"

"हात कशाला? मागे बसा."

"मी? तुझ्या मागे?"

"तीस वर्षं अख्खं शहर तुमच्या मागे बसलं. कोणी लाजलं का?"

ते उठले. शर्ट बदलून माझ्या कॅरिअरवर येऊन बसले. माझे स्पोक कुरकुरले, पण मी डगमगले नाही. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "पुढे उतार आहे, ब्रेक हलका धर." सगळा रस्ता त्यांना तोंडपाठ होता. मावशी ऐकत होत्या, हसत होत्या.

डेपोत शिरलो तेव्हा ड्रायव्हर मंडळी उठून उभी राहिली. "साहेब, हे काय?" कंडक्टरने विचारलं.

ते सावकाश उतरले, शर्ट नीट केला. "आज मी पॅसेंजर आहे," ते म्हणाले, "आणि सांगतो, ड्रायव्हर पक्की आहे."

मावशींनी माझ्या हँडलवर हलकेच थोपटलं. तो मान माझाही होता, मित्रांनो.

तुमच्याही जिन्याखाली माझी एखादी बहीण धूळ खात उभी असेल. तिच्या चाकांत हवा भरा, साखळीला चार थेंब तेल द्या, पावसात तिला आडोसा द्या. मग तिला रोजच्या कामांना बाहेर काढा. कोणी हसलंच, तर घंटी वाजवा आणि पुढे निघा.