विक्रीला पदवी कशाला?

ताईने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, हातातलं फडकं बाजूला टाकलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापलीकडे ताठ बसली.

“हं, बोला बाई. यंत्रं काय, कुणीही विकतं. त्याला केमिस्ट्रीची पदवी कशाला हवी?”

“ताई, अधिकारी असं बोलत नाहीत.”

“याहून वाईट बोलतात. माझ्या वेळचा तर मी बोलत असताना नखं कापत होता. सांग पटकन, भाजी लागेल खाली.”

धाकट्या बहिणीच्या व्हिसाच्या मुलाखतीची ही तालीम चालली होती.

कुशल कामगाराच्या व्हिसासाठी विक्री आणि मार्केटिंगमधली काही कामं चालत होती, सगळी नाही. काउंटरमागे उभं राहून माल विकणं चालत नव्हतं. ‘तांत्रिक विक्री’ चालत होती. मात्र त्या कामाला शिक्षण खरोखर लागतं, हे मुलाखतीत पटवून द्यावं लागत होतं. नाही पटलं, तर शिक्षण संपल्यावर इथे राहायला मिळालेली मुदत सरली की सामान बांधायचं. परत जायला आपली काही हरकत नाही, असं ती पूर्वी म्हणायची. पण घरी आता तिची खोली दादा-वहिनीची झाली होती, आणि ‘आमची धाकटी तिकडेच राहणार’ हे आईने इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं की परतल्यावर दारोदार खुलासे करत फिरावं लागलं असतं.

ती पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकायची. विकण्याची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात दोन ग्लास मांडायचे. एकात त्यांच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात यंत्रातलं. दोन्हींत लोखंडी सळया बुडवून वीज सोडायची. बघता बघता नळाचं पाणी तपकिरी होतं, त्यात शेवाळासारखा गाळ तरंगायला लागतो. यंत्राचं पाणी जसंच्या तसं राहतं. समोरच्याचा हात आपोआप तोंडावर जातो. विक्रेते याला ‘गढूळ करणं’ म्हणत. ऑफिसात परतलं की एकमेकांना विचारत, “काय, आज किती घरं गढूळ केलीस?”

धाकटीला पहिल्याच दिवशी कळलं होतं की तो गाळ पाण्यातला नाहीच, सळीचा आहे. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत, त्यामुळे सळीला काही होत नाही. तिला वाटलं, बाकीच्यांना हे माहीतच नसावं. म्हणून एका घरी तिने यंत्रातल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दाखवलं. तेही तपकिरी झालं. ती उत्साहाने समजावत राहिली, घरातली माणसं कौतुकाने ऐकत राहिली, आणि यंत्र आलं तसं गाडीत परत गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब आपल्याच भाषेतले, तिच्या कितीतरी आधी इथे येऊन स्थिरावलेले. त्यांनी आधी केबिनचं दार लावलं.

“मीठ टाकलंस?”

“हो.”

“शाब्बास!” साहेब चक्क हसत होते. “अगं, आमच्या या नगांना मिठाचं डोक्यातच येत नाही. कुणी शंका काढली की ततपप. तुला शंका कुठून येणार ते ठाऊक आहे. म्हणजे ती कुठे अडवायची तेही तुलाच ठाऊक असणार. शास्त्रज्ञबाई, तुमच्या व्हिसाचं मी बघतो.”

त्या संध्याकाळी तिने ताईसाठी केक नेला. आपल्या शिक्षणाची कुणीतरी दखल घेतली म्हणून.

मग ती गरोदर बाई भेटली. इस्त्रीच्या टेबलावर तान्ह्या बाळाच्या कपड्यांच्या घड्या होत्या. पाणी तपकिरी झालं तेव्हा बाई दचकली नाही. वाकून नीट बघत राहिली.

“हा रंग पाण्याचा आहे, की त्या सळीचा?”

धाकटीला इतकं बरं वाटलं, की क्षणभर ती कशासाठी आली आहे तेच विसरली. “फार चांगला प्रश्न आहे,” ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मग तिला आपल्या मुदतीची आठवण झाली. “पाण्यात काही विरघळलेलं नसेल तर हा रंग येतच नाही. हे दुसरं पाणी बघा ना. सळी तीच आहे.”

एकही वाक्य खोटं नव्हतं. बोलण्याआधी प्रत्येक वाक्य तिने तपासून घेतलं होतं.

बाईने पोटावर हात ठेवला. “इतके महिने मी हेच पीत होते?”

धाकटी गप्प राहिली. गप्प राहण्यातही खोटं काही नव्हतं. बाईने नवऱ्याला फोन लावला आणि आधी यंत्र, पाळणा नंतर घेऊ म्हणून सांगितलं.

मुलाखतीतला अधिकारी ताईच्या अधिकाऱ्यासारखा निघाला नाही. सडपातळ, नीटनेटका, कान देऊन ऐकणारा माणूस होता.

“मला खरंच समजून घ्यायचंय,” तो म्हणाला. “तुमच्या पदवीवाचून अडलं असतं, असा एखादा प्रसंग सांगा.”

तिने त्या बाईचं सांगितलं. बाईने काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, शब्दाला शब्द. तो लिहून घेत होता.

“म्हणजे शिक्षण नसतं तर तुम्ही त्या प्रश्नावर अडकला असता.”

“हो.”

“बरोबर आहे. हे कुशल काम आहे.” त्याने कागद पुढे ओढला, पेन टेकवलं आणि थांबला. “एक विचारू? घरचं आहे. आमच्याकडेही असंच कुणीतरी येऊन गेलं. पाणी इतकं घाण झालं, की बायको तेव्हापासून ते झाडांनासुद्धा घालत नाही. मला मात्र सारखं वाटतं, यात काहीतरी मेख आहे. तुम्ही तर केमिस्ट. आम्ही घ्यावं का यंत्र?”

सही अजून व्हायची होती.

खरं उत्तर अगदी छोटं होतं. ते दिलं असतं तर हा माणूस नक्कीच खूश झाला असता. त्याचा संशय बरोबर होता, आणि संशय बरोबर निघाल्याचा आनंद काय असतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मग त्याने नुकताच लिहून घेतलेला प्रसंग त्याला पुन्हा वाचावा लागला असता.

“तुमच्या पाण्यात क्षार आहेत,” ती म्हणाली. “नसते तर रंग आला नसता.”

“म्हणजे बायकोचंच खरं.” तो उसासा टाकून हसला आणि त्याने सही केली. “तुमचं कार्ड असेल तर द्या. त्या दुसऱ्या माणसावर माझा विश्वास बसला नव्हता.”

तिने कार्ड दिलं.

बाहेर ताई गाडीला टेकून उभी होती. धाकटीचा चेहरा बघून ती चरकली. “नाही झालं?”

“झालं.”

“अगं मग तोंड असं काय केलंयस मेले!” ताईने तिला घट्ट मिठी मारली आणि तिथूनच आईला फोन लावला. पलीकडून आईचं रडणं रस्त्यावर ऐकू येत होतं. ताई मोठमोठ्याने सांगत होती, “अगं हो, शिक्षणावरच मिळाला! शिक्षणावरच!”

धाकटीने थोडं लांब जाऊन साहेबांना कळवलं. साहेबांनी तोंडभरून अभिनंदन केलं. मग तिने अधिकाऱ्याच्या यंत्राचं सांगितलं, तसे ते एकदम गंभीर झाले.

“हे बघ, त्याला सवलत अजिबात देऊ नकोस,” ते म्हणाले. “पूर्ण किमतीलाच दे. उगाच लाच दिल्यासारखं व्हायला नको.”