ताईसाहेबांचे एकटे धागे

मी एक जुना वॉटर बाथ आहे. हसू नका, मित्रांनो, आंघोळ मी कुणालाच घालत नाही. पत्र्याची पेटी, पोटात पाणी, तळाशी तापणारी तार आणि वर थर्मामीटर, एवढाच माझा संसार. पण साठ अंश म्हटलं की साठच! सुरुवातीची काही वर्षं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मग नवी यंत्रं आली आणि मला खिडकीखाली ढकललं.

तिथून मला बाहेर काढलं ते प्रयोगशाळेतल्या बाईंनी. त्या पक्ष्यांच्या डीएनएवर काम करायच्या. डीएनएचे धागे जोडीजोडीनं असतात. उकळले की त्यांची ताटातूट होते आणि माझ्या उबेत ते पुन्हा आपापला जोडीदार शोधू लागतात. धाग्यावरचा जो मजकूर हजारो वेळा आलेला असतो, त्याला जोडीदार पटकन मिळतो. जो एकदाच आलेला असतो, त्याला दिवसच्या दिवस लागतात. आणि पक्ष्यांमध्ये असे एकटेच फार. एका पक्ष्याचे एकटे धागे दुसऱ्याच्या धाग्यांशी किती घट्ट जुळतात, यावरून बाई त्यांचं नातं सांगायच्या.

एके दिवशी पक्षिगृहातला राखणदार रक्ताची एक बाटली छातीशी धरून आला. त्याच्याकडे करकोच्याची एक म्हातारी मादी उरली होती. तिला तो ताईसाहेब म्हणायचा.

"बाई, ही दिवसभर हाका मारते हो. चुकीच्या थव्यात सोडली तर टोचून मारतील. हिच्या रक्ताचं कुणी आहे का, तेवढं बघा."

"आणखी रक्त मिळेल?"

"छे! एवढं काढलं तर दोन दिवस उभी राहिली नाही. डॉक्टर म्हणाले, आता सुई लावलीत तर जाईल."

बाईंनी त्या रक्तातला सगळा डीएनए माझ्या पोटातल्या नळ्यांमध्ये ठेवला. मधूनमधून थेंब काढायचा असे, म्हणून बुचं सैल होती. चार दिवस मी डोळ्यात तेल घालून ऊब सांभाळली. पाचव्या दिवशी दुपारी बाई जेवायला गेल्या आणि राखणदार चौकशीला आला. खोलीत कुणीच नव्हतं. माझं पाणी थोडं आटलेलं त्यानं पाहिलं. पाण्याचं भांडं रिकामं दिसलं की भरायचं, ही त्याची आयुष्यभराची सवय. त्यानं नळाखाली बादली धरली आणि मला काठोकाठ भरलं.

अरे बाबा, थांब ना! पण मला कुठं तोंड आहे? नळ्या बुडाल्या, कलंडल्या, बुचं निघाली आणि ताईसाहेबांचे सगळे धागे माझ्याच पोटात विरघळून गेले.

बाई आल्या तेव्हा तो बादली घेऊन हसत उभा होता.

"पाणी आटलं होतं, बाई. वेळेवर आलो म्हणून बरं!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाण्यावर तरंगणारं एक बूच त्यांनी उचललं.

"हो," त्या म्हणाल्या. "बरं झालं आलात."

पुढं तो दर आठवड्याला यायचा. "सापडलं का कुणी?" बाई म्हणायच्या, "वेळ लागतो हो." तिसऱ्या महिन्यात तो आला आणि स्टुलावर मटकन बसला.

"गेल्या ताईसाहेब. आता कुणी सापडलं तरी मला सांगू नका, बाई. जगात तिचं कुणीच नव्हतं, असं समजेन मी. नाहीतर जन्मभर वाटत राहील, थोडं आधी सापडलं असतं तर..."

बाईंनी मान खाली घातली. मला तर लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामाला मायेनं हात लावायचा असला, तरी आधी विचारा. आणि स्वतःचं काम सोडून पाच मिनिटं जरी उठलात, तरी एक चिठ्ठी लिहून ठेवा. बाईंनी माझ्यावर चिकटवली आहे, मोठ्या लाल अक्षरांत: 'यात पाणी घालू नये.' ती चिकटवण्याआधी त्यांनी मला पुसून कोरडं केलं. त्यानंतर त्यांनी मला कधीच भरलं नाही.