अलगद ब्रेक

तीन आठवडे झाले, गळ्यात पट्टा आहे. हो म्हणायला मान हलत नाही आणि नाही म्हणायलाही. कुणाकडे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. असे दोन पट्टे आहेत घरात, एक माझा, एक यांचा. सकाळी चहाला समोरासमोर बसतो तेव्हा दोघंही फोटो काढून घेत असल्यासारखे ताठ. बोलायचाही कंटाळा येतो.

भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, जिवावर बेतलं होतं, गाडीवर निभावलं. हे लगेच उठून आत जातात. गाडीवर निभावलं, हेच तर यांना सोसत नाही.

गाडी माझ्या सासऱ्यांची. पन्नास वर्षांची, पिस्ता रंगाची. घरातला सगळ्यात मऊ टॉवेल कायम तिच्यासाठी राखून ठेवलेला. लग्नानंतर यांनी मला पहिल्यांदा फिरवून आणलं, तेव्हा वाटेत तीनदा थांबून हिचं इंजिन तापलंय का ते पाहिलं. माझं डोकं तापलं होतं, ते कुणी पाहिलं नाही.

सासऱ्यांची शिकवायची तऱ्हाच वेगळी. डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचे. ब्रेक मारताना थेंब सांडला की त्या दिवसाचा धडा संपला, लेकाने घरी पायी यायचं. म्हणून हे जन्मभर अलगद ब्रेक मारत आले. चौक लांबून दिसला की पाय टेकवायचा, गाडी आपसूक मंदावत जाऊन थांबायची. शेजारी बसलेल्याला कळायचंही नाही. याचा यांना केवढा अभिमान!

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. मागचा लाल दिवा लागायचा तो ब्रेकच्या तेलाच्या दाबावर. बटण जुनं झालं होतं. मिस्त्रीने गेल्या वर्षी माझ्यासमोर सांगितलं होतं, जोरात दाबलं तरच दिवा लागतो, तुमच्या पायाने लागायचा नाही. पेडलपाशी नवं बटण बसवू, एक भोक पाडावं लागेल. हे म्हणाले, वडिलांच्या गाडीला भोक पाडणार नाही. झालं. पुढे बोलायची सोय नाही.

त्या दिवशी डोळे तपासून परत येत होतो. भरदुपारची वेळ. सिग्नल लांबून दिसला, यांनी पाय टेकवला. आमची गाडी थांबतेय न थांबतेय तोच मागून पावाची व्हॅन आदळली. आवाज आठवत नाही मला. आठवतं ते एवढंच, की मान मागे गेली आणि तिला टेकायला काहीच नव्हतं. जुन्या सीटला उशी कुठली? गाडी खांबावर जाऊन थांबली. शुद्धीवर आले तेव्हा रस्ताभर पाव पडले होते आणि मागचं सीट माझ्या पाठीला येऊन भिडलं होतं. त्या सीटवर शनिवारी आमची नात बसते. तो गुरुवार होता.

पाववाला दवाखान्यात दोनदा येऊन गेला. पन्नाशीचा माणूस, दारातच उभा राहायचा. एकच म्हणायचा, लाल दिवा दिसला नाही हो. मागून ठोकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, असं पोलीस म्हणाले, नर्स म्हणाली, आमचा जावईसुद्धा म्हणाला. मालकाने त्याला घरी बसवलं होतं. दोष त्याच्यावर आला की लायसन्स जाणार, आणि या वयात दुसरीकडे कोण ठेवणार? यांनी ते सगळं नुसतं ऐकून घेतलं.

काल विम्याचा माणूस गॅरेजमध्ये येणार होता. दोष पाववाल्याचा ठरला तर गाडी दुरुस्त होणार, नाहीतर भंगारात. सकाळी चहाला मी विचारलं, "मिस्त्री काय म्हणाला होता, आठवतं ना?"

"आठवतं," हे म्हणाले आणि कप उचलून आत गेले.

मीही पुन्हा विचारलं नाही. चाळीस वर्षांत यांना खोटं बोलताना मी पाहिलं नाही. गप्प बसताना मात्र पुष्कळदा पाहिलंय, आणि काल मला त्याचीच भीती वाटत होती.

गॅरेजमध्ये गाडीकडे बघवेना. मागचा भाग पार चेपलेला, पण डावीकडचा लाल दिवा कसा कोण जाणे, शाबूत. पाववालाही आला होता, भिंतीला टेकून उभा. विम्याच्या माणसाने मिस्त्रीला ब्रेक दाबायला सांगितलं. मिस्त्रीने यांच्याकडे पाहिलं, मग आत बसून पाय रोवून दाबला. दिवा लागला, लालभडक. पाववाल्याने मान खाली घातली. विम्याच्या माणसाने खिशातून पेन काढलं.

मी यांच्याकडे पाहायला अख्खी वळले.

"थांबा," हे म्हणाले. "त्याला उतरवा. गाडी मी चालवत होतो."

पट्टा सांभाळत, दाराला धरून, कण्हत हे आत बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. समोरची काच फुटलेली, पण बघत होते अगदी चौक दिसत असल्यासारखे. मग पाय टेकवला, वडिलांनी शिकवला तसा, अलगद.

दिवा लागला नाही.

विम्याचा माणूस म्हणाला, जरा जोरात दाबून बघा. हे म्हणाले, "मी असाच दाबतो. हे मला ठाऊक होतं. लिहा तसं."

यांना उतरता येईना. पाववाल्याने पुढे होऊन काखेत हात घालून उतरवलं. तो रडत होता. यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीकडे न बघता बाहेर पडले.

बसने घरी आलो. ड्रायव्हरने पुढच्याच थांब्यावर असा करकचून ब्रेक मारला की पट्ट्यातही माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. एरवी यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. काल नुसता माझा हात धरला.

"असा मारायला हवा होता मी," म्हणाले.

मला मान हलवता आली नाही. मी हात तसाच धरून ठेवला.