बांधावरचं पान

वेळ अमावस्येला सोनपेठ सकाळीच ओस पडतं. दुकानांना कुलपं, गल्ली सुनी. सगळं गाव शेतात जेवायला. नर्मदाबाई मात्र वीस वर्षं त्या दिवशी दार लोटून घरात बसत. शेत विकलं तेव्हापासून. घेतलं होतं बायनाबाईने. पूर्वी ती त्याच रानात मेंढरं बसवायला यायची. दर वर्षी आदल्या दिवशी ती जेवायला बोलवायला येई आणि नर्मदाबाई ठरलेलं उत्तर देत, "उपास हाय गं माझा."

यंदा ते इलोनाने ऐकलं. इलोना म्हणजे त्यांची सून, मुलाची, भागवतची बायको, हंगेरीतल्या लहानशा गावातली. सहा महिन्यांत तिने गल्लीतल्या बायकांची बोली जशीच्या तशी उचलली होती.

"आत्या, मी जाऊ का? मला उपास न्हाई."

"काय करती जाऊन? ऊन नुसतं," नर्मदाबाई म्हणाल्या. पण ती गेलीच.

चारच्या सुमाराला परतली ती उन्हानं लालबुंद होऊन. हातात मिसळ भाज्यांच्या भज्जीचा डबा आणि आंबिलीचं मडकं.

"लय जेवले, आत्या! रस्त्यानं जाणाऱ्यालाबी हात धरून बसवायलेत. एका टेम्पोवाल्याला तर खाली ओढलं. आमच्या गावात शेजाऱ्याकडं जेवायचं तर आठ दिवस आधी ठरवावं लागतं."

"बरं, हातपाय धू."

"आणि ती कडब्याची खोप! आत पूजेचे, चुना लावलेले पाच दगड. बायनाबाई म्हणाली, तुझ्या सासऱ्यांनी मांडलेले हायेत, मी हलवले न्हाईत."

नर्मदाबाईंचा हात डब्याच्या झाकणावरच राहिला.

"दगडांपाशी एक पान वाढलेलं होतं. मी बसायला गेले तर म्हणाली, तिथं नको, ते नर्मदाबाईंचं. दर साली वाढते आन् सांजच्याला गाईला देते." इलोनाने मडकं खाली ठेवलं. "आत्या, एक विचारू? ती म्हणाली, शेत घेतलं तवा खोप पहिल्यांदा आतून बघितली. आधी तिला बांधावरच वाढायचे. खोपीत न यायला तिलाबी उपास असायचा का?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. नर्मदाबाईंना बांधावरची पत्रावळ दिसली. वरून टाकलेला बाजरीचा उंडा दिसला. खोपीकडे टक लावून बघणारी बायनाबाईची लेकरं दिसली. वाढणारा हात त्यांचाच होता. आणि त्या वेळी त्यांना वाटायचं, आपण किती सढळ हातानं वाढतो!

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तिला नव्हता. मलाबी कधीच नव्हता. चल, दिवस हाय अजून."

शेतात बायनाबाईची पोरं कडब्याच्या पेंढ्या बांधत होती. नर्मदाबाईंचे पाय बांधापाशी अडखळले. त्या तिथंच, बाभळीखाली बसल्या.

"अगं बया! बाई, तिथं कुठं बसता?" बायनाबाई धावत आली. "आत चला की. पान वाढलेलं हाय."

"मला इथंच वाढ, बायना."

"इथं?" बायनाबाई हसली. "न्हाई बाई. आमच्या रानात आलेल्या माणसाला आमी बांधावर वाढत न्हाई."

तिने हात पुढे केला. नर्मदाबाईंनी तो धरला आणि उठल्या. पण खोपीच्या दारात वाकून आत शिरेपर्यंत त्यांची मान काही वर झाली नाही.