प्रतीतलं कुलूप

"बंद करा आणि पुन्हा चालू करा! त्यात विचार कसला?" साहेब दारातूनच ओरडले.

रुग्णालयाचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या काकांचा हात कीबोर्डवर थबकला. रक्तपेढीचा प्रोग्रॅम महिन्यात पाचव्यांदा गोठला होता. पिशव्यांची लेबलं छापली जात नव्हती आणि वर ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट होता. पुन्हा चालू केला, की प्रोग्रॅम सुतासारखा सरळ व्हायचा. पण कारणही पुसलं जायचं. मग संध्याकाळी खापर फुटणार ते शेजारच्या नव्या मुलीच्या डोक्यावर. ती कामावर आली त्याच महिन्यात हे सुरू झालं, म्हणून साहेबांनी तिला घरी पाठवायचं ठरवूनच टाकलं होतं.

"सिस्टर, पाच मिनिटं..." काका लेबलांसाठी थांबलेल्या मोठ्या सिस्टरांना म्हणाले.

"दोन लेबलं हातानं लिहिते, दोन सिस्टरांच्या सह्यांनी," त्या म्हणाल्या. "पण पाच म्हणजे माझी पाच हं काका, तुमची नव्हेत!"

"माझंच काहीतरी चुकलं असेल," मुलगी पुटपुटली.

आपण कोण मोठे शहाणे, असं काकांनाही वाटलं. तरी त्यांनी गोठलेला प्रोग्रॅम आतून पाहिला. लेबल छापायला तो स्वतःची हुबेहूब प्रत काढी. ती प्रत नोंदींच्या फाइलच्या कुलपापाशी, एका वेळी एकानंच लिहावं म्हणून असलेल्या, अडून बसली होती. कुलूप लावलं होतं एकशे सात नंबरच्या थ्रेडनं, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत राबणाऱ्या एका कामकऱ्यानं. प्रतीत थ्रेड होता एकच, एकशे बारा.

"मग एकशे सात कुठाय?" मुलीनं विचारलं.

"मूळ प्रोग्रॅममध्ये. प्रत निघाली तेव्हा तो नेमका कुलूप लावून लिहीत होता. कुलूप तसंच इकडे आलं, उघडणारा तिकडेच राहिला. आता ही बिचारी प्रत जन्मभर दारात उभी."

"इतकी वर्षं नाही, आणि आत्ताच?"

"नवा वॉर्ड सुरू झालाय. गर्दी वाढली, की असा योगही वारंवार येतो."

प्रत काढणाऱ्या त्या ओळी कोणी लिहिल्या, ते तिनं शोधून काढलं. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. काकांची आद्याक्षरं. याच युक्तीबद्दल त्यांचा सत्कार झाला होता.

मुलीनं पडद्यावरची ओळ हळूच वर सरकवून नजरेआड केली. "राहू द्या काका. गुपचूप दुरुस्त करू."

"संपली पाच!" सिस्टरांनी हाक दिली. काकांनी अडकलेली प्रत बंद केली, मूळ प्रोग्रॅमनं दुसरी काढली आणि प्रिंटर खरखरला. सिस्टर लेबलं घेऊन धावल्या.

काका उठले. ते दारातल्या साहेबांपुढे गेले.

"साहेब, चूक माझी आहे. अकरा वर्षांची."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दुरुस्ती काय?"

"प्रत काढण्याआधी कुलूप आपल्या हाती घ्यायचं, नंतर दोन्हीकडे सोडायचं. चार ओळी."

"त्या ही मुलगी लिहील. यापुढे तुमचं कामही हीच तपासेल."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी आपली खुर्ची मुलीकडे सरकवली आणि हात पाठीशी बांधून तिच्या मागे उभे राहिले.